जागा सोडण्याचं समन्स आलं: दावा चालवायचा की तडजोडपत्रावर सही करायची?

एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंगच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. भाडेकरू आत आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "तीस वर्षं राहतोय, असा कसा काढेल तो?" मग पिशवीतून एकेक कागद निघायचा. भाडेपावत्या, लाइट बिलं, 'घेण्यास नकार' शेरा मारून परत आलेली मनीऑर्डर. समन्स सगळ्यात खाली, तेही चुरगळलेलं. आमच्या साहेबांचा प्रश्न मात्र एकच: "हे हातात कधी पडलं?"

तीस वर्षांपेक्षा ती एक तारीख जास्त महत्त्वाची असते. दावा चालवायचा की तडजोड करायची, हा प्रश्न त्या तारखेनंतरच्या काही दिवसांत बरेचदा आपोआप सुटलेला असतो, आणि तो आपल्या बाजूने सुटतोच असं नाही.

आधी समन्स कुठून आलंय ते वाचा. जुनी पागडीची किंवा भाडेपावतीची जागा असेल तर दावा मुंबई, पुणे, नागपूर इथे लघुवाद न्यायालयात, म्हणजे स्मॉल कॉज कोर्टात चालतो. इतरत्र बहुतेक ठिकाणी कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे. कायदा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. लागू झाला ३१ मार्च २००० रोजी. तुम्ही अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल आणि मुदत संपली असेल, तर कागद कोर्टाचा नसून सक्षम प्राधिकाऱ्याचा, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याचा, असण्याची शक्यता जास्त. दोन्ही कागद दिसायला सारखेच, पण आतलं गणित पार वेगळं.

कोर्टात सुनावणी मागावी लागत नाही, ती हातची घालवायची नसते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं लेखी उत्तर, दाखल करायची. कोर्टाने मुदत वाढवली तर नव्वद दिवसांपर्यंत. कैफियत गेली की वादाचे मुद्दे निघतात, पुरावा होतो, उलटतपास होतो, म्हणजे समोरचा वकील साक्षीदाराला प्रश्न विचारतो. कैफियत गेली नाही तर घरमालकाचं म्हणणं बिनविरोध राहतं आणि हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा अंतिम आदेश, एकतर्फी होण्याच्या वाटेला लागतो. "आमची बोलणी चालू आहेत, कैफियतीचं नंतर बघू" असं म्हणणारे मी खूप पाहिले. बोलणी चालू राहतात, मुदत संपते, आणि मग बोलणीही थांबतात. समोरच्याला आता बोलायची गरजच उरलेली नसते.

सक्षम प्राधिकाऱ्यापुढे उलट आहे. तिथे बचाव करायचा तर आधी परवानगी मागावी लागते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत कारणांसह प्रतिज्ञापत्र द्यायचं; ते दिलं नाही किंवा परवानगी मिळाली नाही, तर मालकाचं म्हणणं तुम्ही मान्य केलं असं धरलं जातं. लेखी करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा, त्यामुळे "मालक तोंडी म्हणाले होते, अजून दोन वर्षं राहा" याला फारसं वजन नाही. शिवाय मुदत संपल्यानंतरच्या काळासाठी परवाना शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई लागते. निकालावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून मर्यादित फेरतपासणी. माझं मत स्पष्ट आहे: निवासी लायसन्सची मुदत खरोखर संपली असेल तर लढत बसू नका. दोन-तीन महिन्यांची मुदत आणि डिपॉझिटचा हिशोब लेखी घ्या आणि दुसरी जागा बघा. मुदतच संपलेली नसेल किंवा कागदावरची सही तुमची नसेल, तर गोष्ट वेगळी. मग त्या तीस दिवसांतला एकही वाया घालवू नका.

आता कोर्टातल्या दाव्याकडे. इथे लढायचं की मिटवायचं हे मालक किती नालायक आहे यावर ठरत नाही, दावा कोणत्या कारणावर उभा आहे यावर ठरतं.

थकबाकीचा दावा सगळ्यात सोपा, आणि लोक नेमके तिथेच मान ताठ करतात. मालकाने आधी लेखी मागणीची नोटीस द्यायला हवी आणि त्यानंतर नव्वद दिवस थांबायला हवं. दावा आलाच, तर समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांत सगळं थकलेलं भाडं वार्षिक पंधरा टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरा, पुढचं भाडं दावा संपेपर्यंत नियमित भरत राहा, कोर्ट सांगेल तो खर्च द्या. मग थकबाकीच्या कारणावर ताबा देता येत नाही. चाळीतल्या खोलीचं जुनं भाडं महिन्याला काही शे रुपये असतं. तेवढ्या रकमेसाठी "त्याने पावती दिली नाही म्हणून मी पैसे दिले नाहीत" हा मुद्दा शेवटपर्यंत चालवणं म्हणजे घर पणाला लावून पावतीचं भांडण करणं. आधी भरा, मग भांडा.

स्वतःच्या वापरासाठी जागा हवी, हे कारण असेल तर खरा खेळ इथे आहे. मालकाची गरज वाजवी आणि प्रामाणिक आहे का, हे एक. आणि ती तशी ठरली तरी कोर्टाला दुसरा प्रश्न विचारावा लागतो: ताबा दिल्याने भाडेकरूला होणारा त्रास, ताबा नाकारल्याने मालकाला होणाऱ्या त्रासापेक्षा जास्त आहे का? दोघांकडे दुसरी जागा आहे का, हे त्यात बघितलं जातं. जागेच्या काही भागापुरता हुकूमनामाही होऊ शकतो. हे दोन्ही प्रश्न कागदावर सुटत नाहीत, ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सुटतात. म्हणून या कारणावरचा दावा न चालवताच सही करून टाकणं मला कधी पटलं नाही.

एक केस डोळ्यांसमोरून जात नाही. भाडेकरू सत्तरीच्या बाई, एकट्या. मालकाचं म्हणणं, मुलाच्या संसाराला जागा हवी. सरतपासाचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे त्यांची स्वतःची शपथेवरची साक्ष, आठ पानांचं, चोख. उलटतपासात साहेबांनी आवाजही चढवला नाही.

"मुलगा कुठे असतो?"

"परदेशात."

"परत कधी येणार?"

"ठरलेलं नाही."

"याच इमारतीतली वरची खोली तुम्ही मागच्या वर्षी कुणाला दिलीत?"

त्यावर मालक बराच वेळ स्वतःच्या वकिलाकडे बघत राहिले. पुढच्या तारखेला तडजोडीचा प्रस्ताव आला. तोही आधीच्या प्रस्तावासारखा 'सहा महिने घ्या आणि जा' असा नव्हता. तळमजल्यावरची छोटी खोली, तिथे भाडेकरू म्हणूनच, पावतीसकट. बाईंचे गुडघे दुखायचे. त्या हसत म्हणाल्या, जिने तरी वाचले.

याची उलटी बाजूही टाइप केली आहे. दाव्याच्या तारखेआधी सलग सहा महिने जागा सबळ कारणाशिवाय वापरात नव्हती, असं कारण होतं. भाडेकरू शपथेवर ठाम: "मी रोज तिथेच झोपतो." मग लाइट बिलं पुढे आली. महिन्यामागून महिना वापर जवळजवळ शून्य. "पंखा लावत नव्हता?" एवढंच विचारलं गेलं. त्याआधी मालक बऱ्यापैकी रक्कम द्यायला तयार होते. त्या दुपारनंतर त्यांचा फोन लागेना.

दोन्हींत तडजोडीचा भाव उलटतपासानेच ठरवला. दाव्यात पुरावा आधी वादीचा होतो, म्हणजे मालक आधी पिंजऱ्यात जातो आणि भाडेकरू नंतर. भाडेकरूच्या हातात ही एक मोठी सोय आहे. मालकाचा उलटतपास चांगला झाला आणि आपला पुरावा कच्चा आहे हे मनाशी माहीत असेल, तर स्वतः शपथ घेण्यापूर्वीची वेळ मिटवायला सगळ्यात चांगली. आपले कागद पक्के असतील तर घाई मालकाला असू द्या. पोटभाडेकरू ठेवल्याचा आरोप असेल आणि खरोखर कुणी ठेवला असेल, तर मात्र मालकाच्या साक्षीचीही वाट न बघता मिटवा.

दावा चालवण्याचा खर्च फक्त वकिलाच्या फीचा नसतो. तारखा पडतात, साक्षीदार थकतात, वारतात. खालच्या कोर्टात हरलात तर तीस दिवसांत अपील करता येतं: मुंबईत लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठाकडे, इतरत्र जिल्हा न्यायालयात. त्यावर दुसरं अपील नाही. उच्च न्यायालयाचा दरवाजा अरुंद आहे. आणि अपिलात स्थगिती हवी असेल तर जुनं भाडं विसरा. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगून ठेवलंय की स्थगिती देताना कोर्ट वाजवी भरपाईची अट घालू शकतं, आणि ती बाजारभावाकडे बघून ठरते. महिना दोनशे रुपये भरणाऱ्याला अचानक हजारोंचा आकडा दिसतो. पहिल्या कोर्टात हरण्याची शक्यता जास्त असेल तर हा आकडा आधीच मनात मांडून ठेवा. वकील न परवडण्याची भीती असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे अनेकींना माहीतच नसतं.

तडजोड करायची तर कोर्टातच करा. "तुम्ही चावी द्या, मी केस काढून घेतो" या वाक्यावर विसंबून चावी दिलेल्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. ताबा गेला की हातात काही उरत नाही. तडजोडपत्र कोर्टात दाखल होऊन त्यावर हुकूमनामा व्हायला हवा, किंवा लोकअदालतीत निवाडा. दोन्हींचं वजन सारखंच, आणि दोन्हींवर अपील नाही. त्यामुळे सही करण्याआधी प्रत्येक ओळ घरी नेऊन वाचा. संमतीने झाला तरी ताब्याचा हुकूमनामा भाडे कायद्यातल्या एखाद्या कारणावर टेकलेला लागतो, म्हणून मसुद्यात "प्रतिवादीला वादीची गरज मान्य आहे" असं वाक्य असतं. ते बघून दचकू नका, पण दोन कारणं असतील तर कोणतं मान्य करताय ते बघा. थकबाकी मान्य करणं आणि गरज मान्य करणं यात फरक आहे. जागा सोडायला वर्षभराची मुदत घेतलीत तर कोर्टाला हमीपत्र द्यावं लागेल. ती हमी मोडली तर प्रकरण न्यायालयाच्या अवमानापर्यंत जातं.

आणि पैसे मिळायचे असतील तर चेक नको, पे ऑर्डर, म्हणजे बँकेने स्वतः काढून दिलेला चेक, मागा. साहेबांचा शिरस्ता असा की मालकाच्या वकिलाने पे ऑर्डर टेबलावर ठेवायची, आमच्या पक्षकाराने नाव आणि रक्कम स्वतः वाचायची, मग चावी शेजारी ठेवायची, आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, दोन्हींची नोंद झाल्यावरच दोघांनी आपापली वस्तू उचलायची.