शंभर वॅटची जाहिरात, पंचवीस वॅटचा रिग

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या जुन्या एचएफ रिगच्या (शॉर्टवेव्हवरच्या ट्रान्समीटर-रिसीव्हर संचाच्या) व्यवहारात लबाडीला सगळ्यात जास्त वाव ट्रान्समीटरमध्ये असतो. रिसीव्हर चालू केला की आवाज येतो, डिस्प्ले उजळतो, फोटो झकास निघतो. ट्रान्समीटर मात्र मोजल्याशिवाय कळत नाही आणि मोजायची साधनं विकणाऱ्याच्या टेबलावर असतात. त्यातून घेणाऱ्याला रेडिओ-मोहिमेसाठी ठरलेल्या तारखेला एखाद्या बेटावर किंवा डोंगरावर पोचायचं असेल, तर घाई त्याची आणि फायदा विकणाऱ्याचा.

हे प्रकरण अशाच एका छोट्या चमूचं आहे. विकणाऱ्याचं नाव इथे देत नाही. त्याची पद्धत मात्र बारकाईने बघण्यासारखी आहे, कारण थोड्याफार फरकाने ती सगळीकडे चालते.

जाहिरातीत ‘मोहिमेसाठी तयार संच’ होता: यासूचा एफटी-८५७डी, २० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी, आत ५०० हर्ट्झचा सीडब्ल्यू (मोर्स) फिल्टर आणि वर ‘शंभर वॅट, सगळे बँड ओके’ अशी ग्वाही. मॉडेलची निवड चुकीची नव्हती. वजन २.१ किलो, एचएफपासून ७० सेंटिमीटरपर्यंतचे बँड, पुढचं पॅनेल वेगळं काढता येतं. उत्पादन बंद झाल्यामुळे नवा मिळत नाही, म्हणून जुन्याला मागणी टिकून आहे. आणि जिथे मागणी, तिथे असे ‘तयार संच’ आलेच.

विकणाऱ्याने व्हिडिओ पाठवला होता. ७ मेगाहर्ट्झवर ट्रान्समिट करायची की (कळ) दाबली जाते, रिगच्या मीटरच्या पट्ट्या भरतात, बाहेरच्या वॅटमीटरचा काटा १०० वर जाऊन थांबतो. पाहणाऱ्याला वाटतं, आणखी काय पुरावा हवा? पण रिगच्या स्वतःच्या मीटरचं कॅलिब्रेशन म्हणजे सर्व्हिस मेन्यूतला एक आकडा. ज्याला तो मेन्यू उघडता येतो, त्याला वीस वॅटवरही पट्ट्या पूर्ण भरलेल्या दाखवता येतात. बाहेरचा मीटर ५, २० आणि २०० वॅट अशा तीन रेंजचा होता. अशा मीटरवर २०० च्या रेंजमध्ये काटा जिथे १०० दाखवतो, नेमक्या त्याच जागी २० च्या रेंजमध्ये १० असतात. रेंज बदलायचा स्विच चौकटीत कुठेच दिसत नव्हता. मीटरच्या त्या कोपऱ्यावर विकणाऱ्याचा अंगठा होता, जणू मीटर घसरू नये म्हणून धरलाय. रिग १० वॅटवर ठेवून असा व्हिडिओ कुणालाही काढता येईल.

एक गोष्ट मागितली असती तर सगळं तिथेच उघड झालं असतं: पॉवर सप्लायचा अँपिअरमीटर त्याच चौकटीत. १३.८ व्होल्टवर १० अँपिअर म्हणजे १३८ वॅट आत जातात. त्यातले एक-दीड अँपिअर रिगच्या बाकीच्या सर्किटलाच लागतात. लिनिअर ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता चाळीस टक्क्यांच्या आसपास धरली, तर शंभर वॅट बाहेर यायला १८ ते २२ अँपिअर लागणारच. वॅटमीटर खोटं बोलू शकतो, रेंजचा स्विच लपवता येतो, पण अँपिअरचा काटा नऊवर अडकलेला असेल तर शंभर वॅट निघणं शक्यच नाही.

रिग हातात आल्यावर डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या ५० ओहमच्या रेझिस्टरवर) मोजला तेव्हा नेमकं हेच दिसलं. बहुतेक बँडवर पंचविशीच्या आगेमागे, २८ मेगाहर्ट्झवर दहाच्याही खाली, आणि करंट नऊ अँपिअर. झाकण काढलं तर फायनलच्या (पॉवर देणाऱ्या शेवटच्या टप्प्याच्या) दोन ट्रान्झिस्टरपैकी एकाची छपाई वेगळी, त्याच्याखालची हीटसिंक पेस्ट पांढरीशुभ्र आणि ताजी, भोवती न पुसलेला फ्लक्स. दुसऱ्याखालची पेस्ट वाळून पिवळी पडलेली. म्हणजे जळालेला एक फायनल काढून त्या जागी स्वस्तातला नकली बसवला होता. आरएफ पॉवर ट्रान्झिस्टरच्या बाजारात नकली माल खच्चून भरलाय. २एससी१९६९ आणि २एससी२८७९ यांची तर उघड ख्याती आहे. साध्याच ट्रान्झिस्टरवर नवीन नंबर छापतात. तो कमी फ्रिक्वेन्सीवर थोडंफार काम करतो आणि वर जाताच त्याचा गेन कोसळतो. शिवाय पुश-पुलची (आळीपाळीने काम करणाऱ्या या दोन ट्रान्झिस्टरच्या जोडीची) एक बाजू लंगडी झाली की सम हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-चौपट नको असलेले सिग्नल, आपोआप रद्द होत नाहीत. म्हणजे नुसती पॉवर कमी झाली असं नाही, सिग्नलही घाण झाला.

मोजलेल्या आकड्यांवरून बिघाड कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो, म्हणून एकाच बँडचा व्हिडिओ कधीही पुरेसा मानू नये. सगळ्या बँडवर पॉवर सारखीच कमी असेल तर संशय फायनल किंवा त्याच्या आधीच्या ड्रायव्हरवर. फक्त वरच्या बँडवर गळती असेल तर नकली किंवा थकलेला ट्रान्झिस्टर. एखादाच बँड किंवा शेजारचे दोन बँड मेलेले असतील तर त्या बँडच्या लो-पास फिल्टरचा रिले किंवा कपॅसिटर. हा शेवटचा बिघाड त्यातल्या त्यात स्वस्त, आणि विकणाऱ्याने तो प्रामाणिकपणे सांगितला तर तसा रिग घ्यायलाही हरकत नाही.

मोजणी सीडब्ल्यू किंवा एफएमवर करायची. एएमवर शंभर वॅटच्या रिगची कॅरिअर साधारण २५ वॅटच असते, आणि एसएसबीवर (एचएफवर बोलायच्या नेहमीच्या पद्धतीत) शिट्टी मारून काढलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो. डमी लोड आधी मल्टिमीटरने मोजून घ्यावा. ५० ओहमच्या एक-दोन ओहम इकडेतिकडे असेल तर चालेल. एका वेळी पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त की दाबू नये. ऑसिलोस्कोप असेल तर वॅटमीटरवर विसंबायची गरज नाही. ५० ओहमवर १०० वॅट म्हणजे ७०.७ व्होल्ट आरएमएस, शिखरापासून शिखरापर्यंत २०० व्होल्ट. तेव्हा दहापट किंवा शंभरपट प्रोब लावूनच मोजा.

जाहिरातीतल्या सीडब्ल्यू फिल्टरची जागा रिकामी होती. याचा फोटो आधी मागितला असता तर दोन मिनिटांचं काम होतं: झाकण काढून, सिरियल नंबरची पट्टी त्याच फोटोत. एफटी-८१७ सारख्या रिगमध्ये पर्यायी फिल्टर बसवलाय हे मेन्यूत हाताने सांगावं लागतं, त्यामुळे तिथे ‘मेन्यूत दाखवतोय की’ हा पुरावाच नव्हे. फिल्टर नसताना तो निवडला तर रिसीव्हर जवळजवळ मुका होतो. नेमकी हीच चाचणी व्हिडिओत करायला सांगावी. रिसीव्हरचा पुढचा भाग विजेच्या किंवा स्थिर विद्युतच्या दणक्याने गेलाय का, हेही असंच दिसतं. ७ मेगाहर्ट्झवर अँटेना काढून पुन्हा लावली की बँडचा गोंगाट स्पष्ट चढायला हवा. न चढला तर दाल में काला.

बॅटरीची गोष्ट तर त्याहून सरळ होती. नुसती उचलली असती तरी कळलं असतं. १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-अवर म्हणजे २५६ वॅट-अवर. एवढी लिथियम फॉस्फेट बॅटरी सव्वादोन-अडीच किलोची असते. आलेली बॅटरी एक किलोच्या आतबाहेर होती. हलकी बॅटरी नक्की खोटी, पण जड बॅटरी खरीच असते असं नाही, कारण आत वजन भरणारेही महाभाग आहेत. म्हणून पूर्ण चार्ज करून ५५ वॅटचा गाडीचा हेडलाइट लावायचा आणि घड्याळ बघायचं. तो साधारण साडेचार अँपिअर खातो. २० अँपिअर-अवरची बॅटरी त्यावर चार तासांच्या पुढे जायला हवी. ही दीड तासाच्या आत बंद पडली.

क्षमतेपेक्षाही जास्त फसवते ती आतली संरक्षण सर्किट. तिची सलग करंटची मर्यादा १० अँपिअर असेल, तर बोलताना आवाज चढला की रिग फट्‌दिशी बंद. घेणाऱ्याला वाटतं रिगच बिघडलाय, विकणारा म्हणतो तुमची वायर खराब. आणि वायर खरंच खराब असू शकते! २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे सुमारे ७ मिलिओहम रेझिस्टन्स असतो. तीन मीटरची जोडी म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर, ४२ मिलिओहम. २० अँपिअरवर ०.८४ व्होल्ट वायरमध्येच गेले. लोडखाली १२.६ व्होल्टवर आलेली बॅटरी रिगपर्यंत पोचते ती ११.७६ व्होल्ट होऊन. रिगची खालची मर्यादा १३.८ व्होल्ट उणे पंधरा टक्के, म्हणजे ११.७३. अगदी काठावर. म्हणून ट्रान्समिट करताना व्होल्टेज रिगच्या सॉकेटवर मोजून ठेवावं. हा आकडा नसेल तर विकणाऱ्याची सबब खोडता येत नाही.

मुळात या चमूला शंभर वॅट हवे होते का? रिसीव्हला १ अँपिअर आणि बोलताना सरासरी १० अँपिअर धरले, वीस टक्के वेळ ट्रान्समिट केलं, तर सरासरी २.८ अँपिअर पडतात. खऱ्या २० अँपिअर-अवरवर सात तास. दहा वॅटच्या एलिक्राफ्ट केएक्स२ ला रिसीव्हसाठी सुमारे १३५ मिलिअँपिअर पुरतात. त्याच हिशेबाने सरासरी अर्ध्या अँपिअरच्या आसपास येते आणि तीच बॅटरी दिवसभराहून जास्त चालते. दहा वॅट आणि शंभर वॅटमध्ये फरक १० डेसिबलचा, एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर) दोन घरांहूनही कमी. सीडब्ल्यू आणि डिजिटलला तो फारसा जाणवत नाही, गर्दीत एसएसबीवर जाणवतो. आयकॉमचा आयसी-७०५ बाहेरच्या सप्लायवर १० वॅट देतो, स्वतःच्या बॅटरीवर ५. झिगूच्या जी९० मध्ये २० वॅट आणि आत अँटेना ट्यूनर आहे, फक्त रिसीव्हमध्ये तो केएक्स२ पेक्षा बराच जास्त खातो. विमानाने जायचं असेल तर बॅटरीचाही प्रश्न येतो. १०० वॅट-अवरपर्यंतची केबिनमध्ये चालते, १०० ते १६० पर्यंतची विमान कंपनीच्या परवानगीने, त्यापुढची सामानात नाहीच. म्हणजे जाहिरातीतली २५६ वॅट-अवरची बॅटरी खरी असती तरी या चमूला ती विमानतळावरच सोडावी लागली असती.

आधी हा हिशेब, मग मॉडेल, मग जाहिरात. उलट्या क्रमाने गेलं की ‘शंभर वॅट’ हा शब्दच गिऱ्हाईक ओढतो.

मालच नसलेली फसवणूक वेगळी. ‘अमुक रिग हवा आहे’ अशी विनंती टाकली की काही तासांत निरोप येतो: माझ्याकडे नाही, पण एका मित्राकडे आहे, या ईमेलवर लिहा. किंवा एखाद्या दिवंगत हॅमचं सामान काढायचंय म्हणून अर्ध्या किमतीत. सोबत खरं कॉलसाइन (हॅमला परवान्यासोबत मिळणारं संकेतनाव) आणि खरा पत्ता, कारण दोन्ही गोष्टी सार्वजनिक यादीत कुणालाही मिळतात. कॉलसाइन म्हणजे ओळखपत्र नव्हे. त्या कॉलसाइनचा संपर्क निरोपातून न घेता स्वतः शोधावा आणि त्या माणसाशी बोलावं. जमलं तर सरळ बँडवरच. फोटोत रिग चालू, डिस्प्लेवर तुम्ही सांगितलेली फ्रिक्वेन्सी, बाजूला कागदावर तुमचं कॉलसाइन आणि तारीख. दुसऱ्याच्या जाहिरातीतून उचललेल्या फोटोत हे येत नाही. सिरियल नंबर खरवडलेला रिग फुकट मिळाला तरी नको. बाहेरच्या देशात परवाना आणि कस्टम्सच्या कागदांवर बऱ्याचदा तोच नंबर लिहावा लागतो.

या चमूचे पैसे परत मिळाले नाहीत. एक तर त्यांनी ते ‘मित्र-नातेवाइकांना’ पाठवायच्या पर्यायाने दिले होते, ज्याला खरेदीचं संरक्षण नसतं. दुसरं, त्यांनी रिग आधी अँटेनावर चालवला आणि नंतर डमी लोडवर. विकणाऱ्याने लगेच पकडलं: तुमच्या एसडब्ल्यूआरने (अँटेना नीट न जुळल्याने) फायनल जाळला. म्हणून खोकं उघडण्यापासून एकसलग व्हिडिओ, त्यात सिरियल नंबर. मग मोजलेला डमी लोड, मग वॅटमीटर त्याच्या रेंजच्या स्विचसकट, सप्लायचा अँपिअरमीटर आणि रिगच्या सॉकेटवरचं व्होल्टेज एकाच चौकटीत, ३.५ पासून ५० मेगाहर्ट्झपर्यंत प्रत्येक बँडवर एकेकदा की. तोपर्यंत अँटेनाची वायर त्या टेबलाजवळ येऊ द्यायची नाही, आणि झाकणाचे स्क्रू पैसे परत मागायची मुदत संपेपर्यंत विकणाऱ्याला लेखी कळवल्याशिवाय उघडायचे नाहीत.