स्वयंपाकघरातला डिजिटल काटा: मैद्याला चोख, यीस्टला कच्चा

घरी पाव भाजते म्हणून 5 किलोचा, 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा साडेसहाशे रुपयांना घेतला. अकरावीची फिजिक्सची प्रॅक्टिकल्स मी 24 वर्षं घेतली, त्यामुळे खोक्यातून निघाल्या निघाल्या त्याची परीक्षा झाली.

वाण्याकडून शिक्का मारलेलं 500 ग्रॅमचं वजन तासाभरासाठी मागून आणलं. पाच वेळा ठेवलं: 502, 502, 501, 502, 503. सरासरी 502. सरासरीपासूनचे फरक काढले, त्यांची सरासरी आली 0.4 ग्रॅम. म्हणजे काटा डळमळत नाही. पण खऱ्या वजनाच्या 2 ग्रॅम पुढे आहे, आणि पन्नास वेळा मोजलं तरी हे 2 ग्रॅम जाणार नाहीत. ही निरपेक्ष त्रुटी. 500 ने भागली की सापेक्ष त्रुटी 0.004, शेकडा 0.4. मैद्याला एवढी खुशाल चालते.

मग 10 रुपयांचं नाणं ठेवलं. त्याचं ठरलेलं वजन 7.71 ग्रॅम, काटा म्हणाला 8. चूक जेमतेम 0.29 ग्रॅमची, पण शेकडा 3.8! दहा नाणी एकदम ठेवली तर 77, शेकडा 0.13.

यीस्टचं दुखणं इथेच आहे. अर्धा किलो मैद्याला मी 3 ग्रॅम घालते. काटा पूर्णांकच दाखवतो, म्हणून अर्धा ग्रॅम इकडेतिकडे धरावाच लागतो: 3 ला 0.5, शेकडा 17. उन्हाळ्यात तेवढ्यानं पीठ फसफसून पातेल्याबाहेर येतं. त्यावर उपाय नाण्यांचाच. सपाट भरलेले दहा चमचे यीस्ट एकत्र मोजलं, 31 ग्रॅम भरलं. एक चमचा 3.1 ग्रॅम, त्रुटी शेकडा 1.6. आता यीस्ट चमच्यानंच घेते.

एक खोड मात्र खरंच त्रासाची. वाटी ठेवून शून्य केलं आणि मीठ चिमूट चिमूट टाकलं, तर आकडा शून्यावरच बसून राहतो. काटा हळू वाढणारं वजन सरकलेलं शून्य समजून पुसून टाकतो. माहितीपत्रकात याचा उल्लेख नाही, असायला हवा होता. शून्य न करता वाटीचे 212 ग्रॅम दिसू द्या, मीठ टाका आणि वजाबाकी करा.

50 ग्रॅमच्या वर मोजणाऱ्यांनी जरूर घ्यावा. केशर, वेलची, यीस्ट मोजायचं असेल तर 0.01 ग्रॅमचा छोटा काटा वेगळा घ्या.