माळ खुंटीला टांगली, आता कोणाकडे जायचं?

2017 ला गुलाबी बोंडअळीनं कपाशी नेली आणि काकांनी गळ्यातली तुळशीची माळ काढून देवघरातल्या खुंटीला टांगली. वारकऱ्याच्या घरी ही केवढी गोष्ट, ते सांगायला नको. मग झोप उडाली, जेवण सुटलं, "मी नसलेला बरा" असं बोलणं सुरू झालं. तुमच्याही घरी असं कोणी असेल तर आम्ही कुठे कुठे गेलो ते वाचा.

भगताचं आधी उरकतो. "बाहेरचं आहे" म्हणत साखळीनं बांधणं किंवा मारणं हा उपचार नव्हे. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि मनोरुग्णाला साखळीनं बांधायला 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं बंदी आहे. अंगारा लावून चार धीराचे शब्द बोलणारा भगत निरुपद्रवी असेल. पण त्यात आठवडे जातात.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे गोळ्या लिहून देऊ शकणारे डॉक्टर. तालुक्याच्या गर्दीत आम्हाला सात-आठ मिनिटं मिळाली. झोप, भूक, मरणाचे विचार, एवढंच विचारलं. माळेचा विषय निघालाच नाही. तरी ती मिनिटं वाया गेली नाहीत. गोळीचा गुण यायला 2 ते 4 आठवडे लागतात, मधेच सोडू नका, हे त्यांनी बजावलं. आणि निघताना म्हणाले, "फवारणीचं औषध घरात ठेवू नका, शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा." आमच्या भागात हे वाक्य प्रिस्क्रिप्शनपेक्षा मोलाचं.

नेहमीचा समुपदेशक विचारांची वही लिहायला सांगतो: "सगळं माझ्यामुळे झालं" याला पुरावा काय, असं तपासत जायचं. पद्धत चांगली आहे, पण काकांना अख्खा हरिपाठ पाठ असला तरी वही काही जमेना.

अध्यात्माचं भान ठेवणारा समुपदेशक म्हणजे वेगळ्या शिक्षणाचा कोणी नव्हे, बुवाही नव्हे. आम्हाला भेटलेल्या अशा दुसऱ्या समुपदेशक ताईंनी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "काका, माळ केव्हा काढली?" काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "देवानं मले पाठ दाखवली, मंग म्या कायले घालू?" पुढचा पाऊण तास कर्जाचा विषय निघालाच नाही. एका वर्षी पैशासाठी वारी चुकवली, त्याचीच ही शिक्षा, असं त्यांच्या मनात बसलं होतं. ताईंनी ना देवाची बाजू घेतली, ना "अंधश्रद्धा आहे" म्हटलं. माळ परत घाला, असंही म्हटलं नाही. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला नुसतं मागे बसायला जमेल का, एवढंच विचारलं. फरक इथं आहे: श्रद्धा हा आजाराचा भाग आहे की आधाराचा, हे असा समुपदेशक तपासतो, गृहीत धरत नाही.

म्हणून सगळ्यांनी तिकडेच जावं का? नाही. देवाचा आवाज "जेवू नको" असा आदेश देत असेल, माणूस आठवडाभर न झोपता उत्साहात भटकत असेल, किंवा मरणाची भाषा असेल, तर आधी डॉक्टर आणि औषध. एखादी बाई पूजेची भांडी वीस-वीस वेळा घासत असेल तर ती भक्ती नसून ओसीडीही (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) असू शकते. तिथं भक्तीचं कौतुक करणारा समुपदेशक आजार वाढवून ठेवेल. काकांच्या बाबतीत गोळी आणि ताई, दोन्ही एकदमच चालू होते.

खर्चात मोठा भाग फीचा नसतो, एसटीचं भाडं आणि दर आठवड्याला बुडणारी मजुरी हाच असतो. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' प्रकल्पानं सेवा गावापर्यंत नेली, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेलं. तशी सोय जवळ नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

समुपदेशक निवडताना पहिल्याच भेटीत विचारा, "डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवायच्या ना?" "गोळ्या सोडा, नामस्मरण करा" असं उत्तर आलं तर तिथून उठा आणि एसटी पकडा.