दुकानात नेण्याआधीची तपासणी: क्रिस्टलडिस्कइन्फो आणि मेमटेस्ट८६+

संगणक अडखळू लागला की ठाण्यात बहुतेक जण तो उचलून स्टेशनजवळच्या किंवा नौपाड्यातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेतात आणि तिथे जे सांगितले जाईल ते मान्य करतात, कारण ते पडताळून पाहण्याचे साधन मालकाच्या हाती नसते. हे साधन देणारी दोन मोफत सॉफ्टवेअर मी बराच काळ वापरत आहे. घरी संगणक असणाऱ्या प्रत्येकाने ती जवळ ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रिस्टलडिस्कइन्फो विंडोजवर चालते आणि डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या नोंदी ठेवते त्या वाचून दाखवते. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे डिस्क जाण्याच्या बेतात. परंतु खरे मोल खालच्या तक्त्याचे आहे. हार्ड डिस्क असेल तर ०५, सी५ आणि सी६ या ओळी आधी पाहाव्यात, कारण निकामी झाल्याने बदललेले, संशयास्पद ठरलेले आणि दुरुस्त न होणारे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे माहिती साठवण्याचे छोटे कप्पे, तिथे मोजलेले असतात. हे आकडे वाढत असतील तर इतर सर्व कामे बाजूला ठेवून आधी बॅकअप घ्यावा. मूळ मांडणीत आकडे सोळाच्या पायावर दिसतात. मेनूमधून ते दशमान करून घेतले की वाचणे सोपे जाते. उतरवून घेताना चित्रांनी सजवलेल्या आवृत्त्याही दिसतात, पण साधी स्टँडर्ड आवृत्ती पुरेशी आहे.

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत, घरून हिशेबाची कामे करणाऱ्या एका काकूंचा डेस्कटॉप मध्येच गोठत असे आणि एका दुकानदाराने त्यांना हार्ड डिस्क बदलण्याचा सल्ला दिला होता. तक्त्यात वरील तिन्ही ओळी शून्य होत्या, मात्र सी७ चा आकडा सतत वाढत होता. ही ओळ डिस्क आणि मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य बोर्ड) यांच्यामधील देवाणघेवाणीतल्या चुका मोजते, त्यामुळे संशय प्रथम या दोहोंना जोडणाऱ्या साटा केबलवर जातो. केबल बदलल्यावर आकडा जिथल्या तिथे थांबला. तो शून्यावर येत नाही, हे लक्षात ठेवावे. वाढ थांबणे हीच दुरुस्तीची खूण. त्या सल्ल्याप्रमाणे चांगली डिस्क टाकून दिली असती तर खर्च झाला असता आणि दोष तसाच राहिला असता, याचे मला आजही वाईट वाटते.

मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करता चालते आणि रॅम, म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती, तपासते. २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून ते यूईएफआय (यंत्र सुरू करणारी, जुन्या बायोसच्या जागी आलेली प्रणाली) असलेल्या यंत्रांवरही चालते. चाचणीला वेळ लागतो, म्हणून ती रात्री लावावी. एकही चूक दिसली तर रॅमच्या पट्ट्या एकेक करून तपासाव्यात. काही यंत्रांवर सिक्युअर बूट (यंत्र सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर रोखणारी सोय) तात्पुरते बंद करावे लागते. बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच लिहून ठेवावी, अन्यथा विंडोज पुन्हा उघडताना अडचण येते. ज्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाख दिलेली असते, तिथे दोष कळला तरी मालकाला पुढे काही करता येत नाही, आणि अशी बांधणी मला मुळातच अन्यायकारक वाटते.

दोन्ही साधनांना पॉवर सप्लायचे दोष कळत नाहीत, आणि डिस्कमधले इलेक्ट्रॉनिक भाग कोणतीही पूर्वसूचना न देता जाऊ शकतात. तेव्हा निळा रंग पाहून बॅकअप टाळू नये. पॉवर सप्लायचा संशय असेल तर दुकानातच जावे, मात्र जाताना डिस्कच्या तक्त्याचे छायाचित्र आणि रॅम चाचणीचा निकाल सोबत न्यावा. मग संभाषण थेट उरलेल्या शक्यतांपासून सुरू होते.