एसटीच्या वर्कशॉपमधली ग्रॅज्युएट अप्रेंटिसशिप : साडेतीन स्टार

मेकॅनिकल करून घरी बसलेली बरीच पोरं विचारतात की एसटी महामंडळात वर्षभर अप्रेंटिस म्हणून जावं का. मी विदर्भातल्या एका विभागीय कार्यशाळेत केलीय, त्यामुळे जे पाहिलं ते लिहितो, डिप्लोमावाल्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी पैशाचं बोलून टाकू. ही नोकरी नाहीये. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात तुम्ही शिकाऊ, कामगार नाही, तेव्हा पीएफ वगैरे डोक्यातून काढा. २०१९ च्या नियमांत डिग्रीवाल्याला महिन्याला किमान ९,००० आणि डिप्लोमावाल्याला ८,००० स्टायपेंड ठरला, त्या किमान रकमेतला अर्धा वाटा केंद्र सरकारचा. रूमचं भाडं, मेस, पेट्रोल यात हे पुरत नाही, त्यामुळे घराजवळचा विभाग मिळत असेल तरच जा. आणि वर्ष संपलं की हातात सर्टिफिकेट येतं, ऑर्डर येत नाही. "एकदा आत शिरला की चिकटतोच" असं सांगणारे मामा-काका प्रत्येक घरात असतात, त्यांचं ऐकून जाऊ नका, भरती निघाली तर ती वेगळी परीक्षा, वेगळी रांग. तिकडं लंडनची बस-मेट्रो चालवणाऱ्या टीएफएलमध्ये ग्रॅज्युएट स्कीमवाल्याला पहिल्या दिवसापासून पगार असतो, आपल्याकडं हे अजून ट्रेनिंगच्याच खात्यात. दीड स्टार कापला तो इथंच.

बाकी शिकण्याचं म्हणाल तर राव, चार वर्षं कॉलेजात ब्रेकच्या आकृत्या काढल्या पण गरम ड्रम कसा असतो ते इथं कळलं. एक गाडी केएमपीएल कमी देते म्हणून आली होती, म्हणजे डिझेलचं अ‍ॅव्हरेज. मी मनात इंजेक्टर, पंप, टर्बो सगळं मोजत होतो. हेड मेकॅनिक काकांनी गाडी फिरून आल्या आल्या चारी चाकांजवळ नुसता हाताचा मागचा भाग नेला, टेकवला नाही, आणि मागचं डावं दाखवून म्हणाले, "हे बघ, हे पकडतंय." ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता, लायनर ड्रमला घासत होतं, डिझेल तिथं जळत होतं. अ‍ॅडजस्टर सैल केला, विषय संपला. हवेची गळती शोधायला पण तसंच, साबणाचं पाणी आणि ब्रश, जिथं फुगे येतील तो जॉइंट. थर्मल कॅमेरा वगैरे नाही कुठे.

पण उलटंही आहे बरं का. बीएस ६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांच्या गाड्या आल्यापासून सगळं कानाने-हाताने होत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागला, गाडी पळेना, तर लॅपटॉप लावून कोड वाचावा लागतो, धूर साफ करायला लागणारं युरियाचं पाणी, सेन्सर, वायरिंग असं काहीही निघतं. इथं ग्रॅज्युएट पोराची किंमत वाढते, काका स्वतः हाक मारतात की ये रे इंजिनियर, हे काय म्हणतंय वाच. देवाणघेवाण सुरू झाली की मग ते पण हात राखून शिकवत नाहीत. माझ्या मते तुमचं वर्ष सोन्याचं की मातीचं ते इथं ठरतं. ऑफिसात एक्सेल भरायला बसवलं आणि तुम्हाला एसीची हवा गोड लागली तर वर्ष गेलं समजा.

पिटमध्ये, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यात उतरा. पासिंगच्या गाड्या येतात तेव्हा तर हमखास, कारण तेव्हा कमानपट्टे, स्टेअरिंगचे जॉइंट, किंगपिन सगळं उघडं पडतं, एरवी कुणी मुद्दाम खोलून दाखवत नाही. मार्गस्थ बिघाडाचं, म्हणजे वाटेत बंद पडलेल्या गाड्यांचं रजिस्टर पण वाचा, कंटाळवाणं दिसतं पण कुठल्या रूटवर काय तुटतं हे त्यात असतं, घाटातल्या गाड्यांचं दुखणं वेगळं आणि सपाटीवरच्यांचं वेगळं. नंतर मला एका खासगी फ्लीट कंपनीच्या इंटरव्ह्यूत बिघाड कमी कसे कराल असं विचारलं, मी हेच सांगत बसलो, समोरचे लिहून घेत होते.

जमलं तर दापोडीला बघा. पुण्यात दापोडी, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा अशा महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत, तिथं नुसत्या चॅसिसवर बॉडी बांधतात. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली आणि त्याच मार्गावर १ जून २०२२ ला शिवाई नावाची इलेक्ट्रिक बस सुरू झाली, म्हणजे पुढं डिझेल पंपाइतकंच बॅटरी आणि हाय व्होल्टेज वायरिंगचं काम वाढणार. इलेक्ट्रिकलवाल्यांनी हे लक्षात ठेवा, अजून बरेच जण एसटी म्हणजे मेकॅनिकल एवढंच धरून चालतात.

एक तेवढं सांभाळा. आधीच वर्षभर कुठं नोकरी केली असेल तर ग्रॅज्युएट अप्रेंटिस म्हणून घेत नाहीत, त्यामुळे करायची तर पास झाल्या झाल्या करा, एनएटीएस या केंद्राच्या अप्रेंटिस योजनेच्या पोर्टलवर नाव नोंदवा आणि विभागाची जाहिरात येईपर्यंत रोज बघत राहा. नाव आणि आडनाव मार्कशीटवर आणि आधारवर सारखं आहे का ते आधीच तपासा, स्टायपेंड थेट खात्यात येतो आणि तो अडकला की पुढं कार्यालयांच्या चकरा. सेफ्टी शूज स्वतःचे न्या, डबा जरा मोठा न्या, दुपारी शेजारी बसणारा विचारणारच काय आणलंय.