१७८६ च्या नाण्यावर चौथा कार्लोस: माझे ८६,४०० रुपये कसे गेले

स्पॅनिश चांदीची म्हणून आठ बनावट नाणी मला विकण्यात आली: सात प्रत्येकी १०,२०० रुपयांना आणि एक १५,००० रुपयांना, म्हणजे एकूण ८६,४००. ज्याचे जास्त पैसे मोजले तेच सर्वांत उघड खोटे होते, आणि तो खोटेपणा मी भिंगाखाली स्वतः वाचला होता, हे लिहिताना आजही शरम वाटते.

विक्रेत्याने आधी मेक्सिको टांकसाळीचे १८०५ चे आठ रिआलचे (रिआल हे जुने स्पॅनिश चलन) एक खरे नाणे ९,५०० रुपयांना दिले. घरी तोलले तेव्हा ते २६.९ ग्रॅम भरले; मूळ वजन २७.०७ असते. पहिला माल खरा देऊन विश्वास कमावण्याची रीत तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होती. पुढचा संच सुरतेच्या एका जुन्या पेढीतून निघाल्याचे त्याने सांगितले. सुरतेत असे रिआल जहाजांनी येत आणि तेथील टांकसाळीत वितळवून त्यांचे रुपये पाडले जात, हे मी वाचलेले असल्यामुळे मला ते पटले. ते वितळवले जात, तर आठ एकत्र उरली कशी, हे मात्र मी विचारले नाही.

संच घ्यायला गेलो त्या संध्याकाळी लॉजच्या खोलीत मंद उजेडात मी १५,००० च्या नाण्यावरचे साल वाचले: १७८६. राजाचे नाव कारोलुस, पुढे चार उभ्या रेघा, म्हणजे स्पेनचा राजा चौथा कार्लोस. त्याचा बाप तिसरा कार्लोस डिसेंबर १७८८ मध्ये वारला; त्याआधी मुलाच्या नावाचे नाणे निघणारच कसे? मी तसे बोलूनही दाखवले. "साच्यातली चूक आहे साहेब, म्हणून तर दुर्मिळ," असे उत्तर आले आणि मी गप्प बसलो. मी अगदीच अडाणी नव्हतो. १७८९-९० मध्ये नव्या राजाच्या चेहऱ्याचे साचे पोहोचेपर्यंत मेक्सिकोत चौथ्या कार्लोसचे नाव आणि तिसऱ्याचाच चेहरा असलेली नाणी खरोखरच पाडली गेली. त्या माहितीमुळेच मला विसंगती मौल्यवान वाटली. पण जुना चेहरा मागे उरू शकतो, न झालेल्या राजाचे नाव आधी येऊ शकत नाही. ४०,००० रुपये मोबाइलवरून आणि ४६,४०० रोख देऊन मी बाहेर पडलो.

घरी काट्यावर आठही नाणी २२.८ ते २४.१ ग्रॅम भरली. "झिजलेले आहे" हे उत्तर कधीही ऐकून घेऊ नका. ज्या नाण्यावरची अक्षरे ठसठशीत आहेत त्याची तीन-चार ग्रॅम चांदी झिजत नाही. आठांपैकी १८०६ च्या नाण्यावर पारख्याची (टांकसाळीत चांदीचा कस तपासणाऱ्याची) अक्षरे एफएम होती; मेक्सिकोत ती १८०१ पर्यंतची, १८०६ ला टीएच हवीत. काट्याशिवाय खरेदीला जाऊ नका. नाण्याची कडही पाहा: तिसऱ्या कार्लोसचा चेहरा असलेल्या नाण्यांवर वर्तुळ आणि आयत आळीपाळीने असतात, माझ्या नाण्यांच्या कडेला ओतकामाचा सांधा होता. सराफाने आत जर्मन सिल्व्हर (तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू, चांदी नव्हे) आणि वर चांदीचा मुलामा असल्याचे सांगितले.

पोलीस ठाण्यात मी चार वेळा गेलो. पहिल्यांदा सांगितले, स्वखुशीने घेतले, म्हणजे हा दिवाणी वाद आहे. दुसऱ्यांदा माझ्यावरच प्रश्न आले: इतकी जुनी नाणी तुमच्याकडे कशी, नोंदणी कुठे आहे? नाणी जुनी नाहीत, हीच तर माझी तक्रार होती! तिसऱ्यांदा संबंधित अधिकारी बंदोबस्तावर होते. चौथ्यांदा अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला. त्यावर रक्कम ८,६४० लिहिली होती, आणि ती दुरुस्त करण्यासाठी वेगळा अर्ज मागितला. बँकेने व्यवहार तुम्हीच मंजूर केल्याचे कळवले, आणि रोख रकमेचा तर पुरावाच नाही. मोठी रक्कम रोख देऊ नका, कोणी कितीही सवलत देवो.

गेल्या आठवड्यात एका परिचिताला दुसऱ्याच नंबरवरून १७८६ च्या नाण्याचे छायाचित्र आले, किंमत १६,०००. त्यावर चिनी व्यापाऱ्यांच्या पारखीचे दोन ठसे आहेत, एक राजाच्या कानाखाली आणि एक खांद्यावर. माझ्या नाण्यावरही नेमके त्याच जागी, त्याच कोनात तेच दोन ठसे आहेत, आणि माझे नाणे अजून माझ्या कपाटात आहे.