कोळ्याचा धागा, रेशीम की केव्लार?

'पोलादापेक्षा पाचपट मजबूत' ही बिरुदावली कोळ्याच्या धाग्याला कायमची चिकटली आहे. वजनाच्या हिशेबात ती साधारण खरी. जाडी सारखी घेतली की मात्र चांगलं पोलाद १.५ गिगापास्कल (ताणाचं एकक) एवढ्या ताणाला तुटतं, कोळी ज्याला लटकतो तो धागा १.१ला, आणि केव्लार हा कृत्रिम धागा ३.६ला. तेव्हा आधी ठरवा, भार तोलायचा आहे की धक्का जिरवायचा?

भार तोलायचा असेल तर केव्लार. ते जेमतेम ३ टक्के ताणलं जातं. मात्र त्याला उन्हापासून झाकून ठेवा. धक्क्याच्या बाबतीत पारडं फिरतं. तुटेपर्यंत केव्लार घनमीटरला ५० मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा पचवतं, रेशीम ७०, कोळ्याचा धागा १६०.

कोळ्याच्या धाग्यात हे बळ येतं कुठून? त्याच्या प्रथिनसाखळीत, म्हणजे स्पिड्रॉइनमध्ये, ॲलानिन या अमिनो आम्लाचे सहा-आठ मणी सलग ओवलेले असतात. शेजारच्या साखळ्यांतले असे तुकडे हायड्रोजन बंधांनी एकमेकांवर रचले जातात आणि काही नॅनोमीटरचे स्फटिक तयार होतात. एकेक बंध दुबळाच; पण स्फटिक एवढासा असल्यामुळे बरेच बंध मिळून ओझं उचलतात. स्फटिक मोठे झाले की बंध एकामागून एक सुटतात आणि धागा ठिसूळ होतो. स्फटिकांच्या मधला ग्लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाचा भाग सैल असतो. तो उलगडत जातो म्हणून धागा २७ टक्के लांबतो.

अडचण पुरवठ्याची आहे. कोळी एकत्र ठेवले तर एकमेकांना खातात. जिवाणूंकडून प्रथिन करवून घ्यायचं, तर साखळी लांब होताच ग्लायसिन आणून देणारे टीआरएनए नावाचे वाहक रेणू कमी पडतात आणि अर्धवट तुकडे हाती येतात. २०१० साली २८५ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) वजनाची, म्हणजे जवळपास मूळ लांबीची साखळी जमली. तिचा धागा तरी ०.५ गिगापास्कललाच अडला, कारण कोळ्याच्या धागा काढणाऱ्या नळीत आम्लता वाढत जाते, पाणी निघून जातं आणि ताण बसतो. हा सगळा क्रम यंत्रात हुबेहूब उतरवणं कठीण.

म्हणून जखमेचे टाके किंवा पेशी वाढवण्याच्या जाळीसाठी आमचा कौल रेशमाला. फक्त सेरिसिन, म्हणजे रेशमावरचा चिकट थर, काढताना धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तासभर उकळत ठेवू नका. रेशमाचं मूळ प्रथिन असलेल्या फायब्रॉइनच्या साखळ्याच तुटतात. कोळ्याचाच धागा हवा असेल तर आधी तो मोकळा सोडून भिजवा आणि मगच लांबी मोजा. ओला झाला की तो निम्म्यापर्यंत आखडू शकतो.